बिनतारी गट्टी

बालमित्रांनो, या आठवड्यात मी तुम्हाला माझ्या फजितीची गोष्ट सांगणार आहे. फजिती माझी झाली, पण तिच्यातून जो प्रश्न निघाला तो माझ्या भाचीचा. प्रश्न असा झकास आहे की आजची सगळी जागा मी त्यालाच देऊन टाकतो!

आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं घर तामलवाडीला आहे. सोलापूरहून तुळजापूरला निघालात की साधारण अर्ध्या वाटेवर हे गाव लागतं. एरवी इथल्या महामार्गावरून ट्रक, एसट्या, मोटारी सुसाट धावत असतात. रस्ता ओलांडायचा तर दहा वेळा इकडे-तिकडे बघावं लागतं. पण वर्षातून एकदा हा रस्ता माणसांचा होतो. ती वेळ म्हणजे कोजागरी पौर्णिमा.

दसऱ्यानंतर तुळजाभवानी निद्रा घेते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. तिच्या दर्शनासाठी सोलापूरकडून आणि पार कर्नाटकातूनही माणसं पायी निघतात. वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवलेली असतात. टिपूर चांदणं, अनवाणी पावलं आणि सारखा एकच गजर, "आई राजा उदो उदो!" वाटेत गावोगावची मंडळी चालणाऱ्यांना चहा देतात, केळी देतात, खिचडी देतात. आमचे आबा चहा देतात. कितीतरी वर्षं त्यांचा हा नेम आहे.

त्या रात्रीही आबा रस्त्याकडेला टेबल मांडून किटलीतून चहा ओतत होते. माझी आठवीतली भाची कप पुढे करत होती. पाचवीतला भाचा रिकामे कप गोळा करून पोत्यात टाकत होता. मी आठ-दहा पावलं मागे चुलाणापाशी दुधाच्या पातेल्यावर नजर ठेवून होतो. टेबलावर एक छोटासा काळा स्पीकर होता. त्यावर देवीची गाणी लागली होती. गाणी होती माझ्या फोनमध्ये, फोन माझ्या खिशात, आणि दोघांच्या मध्ये तार नव्हती. तुम्ही ओळखलंतच, ब्लूटूथ!

तेवढ्यात सोलापूरहून माझ्या बहिणीचा फोन आला. मी तो उचलून कानाला लावला. पण आवाजच नाही! मी आपला "हॅलो, हॅलो" करतोय. इतक्यात तिकडे टेबलावरची गाणी थांबली आणि स्पीकरमधून ताईचा आवाज खणखणीत घुमला :

"दादा, ऐकतोयस ना? दवाखान्यातनं तारीख मिळाली बघ. येत्या मंगळवारी. आबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. पण त्यांना इतक्यात काही बोलू नकोस हं. ऐकलं की नाहीच म्हणतील. सोमवारी काहीतरी निमित्त काढ आणि घेऊन ये."

आबांच्या हातातली किटली तशीच थांबली. चहासाठी उभी असलेली दहा-पंधरा माणसंही गप्प झाली. मी धावत जाऊन फोन बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक म्हातारी आजी कपात फुंकर घालत म्हणाल्या, "करून घ्या बाबा. माझा झालाय. आता सुईत दोरा ववते मी."

आबांनी त्यांना हात जोडले. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "डोळा माझा, आन् बातमी समद्या रस्त्याला. मलाच तेवढं सांगायचं न्हवतं व्हय?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. माझा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना तुम्हीच करा!

मध्यरात्र उलटली, गर्दी जरा विरळ झाली. आम्ही ओट्यावर टेकलो. आबा आमच्याकडे पाठ करून कप मोजत बसले. तेव्हा भाचीने विचारलं, "मामा, एक सांग. इथून हजारो माणसं गेली. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात फोन. कुणाच्या कानात इअरफोन, कुणाच्या खांद्यावर स्पीकर, कुणाच्या हातात स्मार्ट घड्याळ. सगळी बिनतारीच. मग आत्याबाईचा नाही, मावशीचा नाही, नेमका आपल्या आईचा आवाज आणि तोही नेमका आपल्याच स्पीकरवर कसा आला? हवेत सगळ्यांची खिचडी का नाही झाली?"

आहे की नाही झकास प्रश्न? चला तर, उत्तर शोधू.

मुलांनो, फोन आणि स्पीकर यांच्यामधून जातात त्या रेडिओलहरी. प्रकाशाच्याच या बहिणी, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. पळतातही प्रकाशाच्याच वेगाने. तलावात दगड टाकला की लाटा उठतात, तशा फोनमधल्या बारीकशा अँटेनातून या लहरी उठतात. आकाशवाणीच्या लहरीही याच कुळातल्या, पण ब्लूटूथची लहर अगदी आखूड. एका सेकंदात ती सुमारे २४० कोटी वेळा हेलकावे घेते आणि तिच्या एका लाटेची लांबी भरते साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे साधारण अर्धी वीत!

ही लहर फार दूर जाऊ नये अशीच योजना असते. छोट्या उपकरणातला ब्लूटूथ बहुधा अडीच मिलिवॉट किंवा त्याहूनही कमी शक्तीने लहरी सोडतो. तुमच्या घरातला ५ वॉटचा एलईडी दिवा घ्या. त्याच्या दोन हजाराव्या हिश्श्याएवढी ही शक्ती झाली. म्हणून तिचा पल्ला साधारण १० मीटरचा. आकाशवाणीचं केंद्र म्हणजे गावभर ऐकू जाणारी दवंडी, तर ब्लूटूथ म्हणजे बाकावरच्या शेजाऱ्याशी केलेली कुजबुज. पल्ला आखूड, म्हणून बॅटरीही थोडीच लागते, आणि दुसऱ्या गल्लीतल्या कुजबुजीशी आपल्या कुजबुजीची टक्करही होत नाही.

"पण आपल्या टेबलाभोवती दहा मीटरमध्येच शंभर फोन होते की!" भाची काही सोडायला तयार नव्हती.

बरोबर! इथेच तर खरी गंमत आहे. मी भाच्याला कोळशाने फरशीवर ठिकरीचा पट काढायला सांगितला. तुम्हीही खेळत असालच. एका पायावर उडी मारत एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. आता अशी कल्पना करा की पटावर आठ-दहा नाही, तर ७९ घरं आहेत. २४०२ मेगाहर्ट्झपासून २४८० मेगाहर्ट्झपर्यंत, एकेका मेगाहर्ट्झच्या अंतरावर ही घरं मांडली आहेत. माझा फोन एका घरात उभा राहून चिमूटभर माहिती पाठवतो आणि टुणकन दुसऱ्या घरात उडी मारतो. तिथे स्पीकर म्हणतो, "मिळालं, पुढचं पाठव." की लगेच तिसरं घर. अशा उड्या किती? एका सेकंदात १६००! तुमची पापणी लवते तेवढ्यात शेकडो उड्या होऊन जातात.

आणि घरांचा क्रम एक-दोन-तीन असा सरळ नसतो, बरं का. पाचावरून एकसष्ट, तिथून अठरा, तिथून चव्वेचाळीस, असा वेडावाकडा असतो. परक्याला वाटावं की काही ताळमेळच नाही. पण फोन आणि स्पीकर या दोघांना तो क्रम ठाऊक असतो. म्हणून दोघं एकाच क्षणी एकाच घरात भेटतात. शेजारच्या माणसाचा फोन आणि त्याचे इअरफोन त्याच पटावर खेळत असतात, पण त्यांचा क्रम वेगळा. लेझीम खेळताना प्रत्येक पथकाचा ठेका वेगळा असतो आणि आपण आपल्या पथकाचाच ठेका धरतो, तसंच हे.

"हा क्रम ठरवतं कोण?"

जो पुढाकार घेतो तो. इथे माझा फोन. प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. तो ४८ द्विमान अंकांचा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ४८ घरांचा असतो. असे क्रमांक किती बनू शकतील? २८१ लाख कोटींहून जास्त! पुढाकार घेणाऱ्याचा क्रमांक आणि त्याच्या पोटातल्या घड्याळाची टिकटिक, या दोन्हींच्या हिशोबातून उड्यांचा क्रम निघतो. स्पीकर आपलं घड्याळ फोनच्या घड्याळाशी जुळवून घेतो आणि मग दोघं जोडीने उड्या मारू लागतात.

"आणि दोन जोड्या एकाच वेळी एकाच घरात उतरल्या तर?" भाच्याचा प्रश्न.

शाब्बास! उतरतातच कधी कधी. मग त्या घरातली चिमूटभर माहिती बिघडते. ती पुन्हा पाठवली जाते, पुढच्या घरातून. एका सेकंदाच्या सोळाशेव्या भागात असं काही घडून गेलं, हे आपल्या कानाला कळतही नाही. शिवाय या उपकरणांना अक्कलही शिकवली आहे. याच पट्ट्यात घरचा वाय-फायही बोलत असतो. तो एखाद्या कोपऱ्यात ठाण मांडून बसला असेल, तर ती घरं वगळून उरलेल्या घरांत उड्या मारायच्या, हा सुधारित नियम २००३ सालापासून आला. हातातल्या घड्याळासारख्या, वाटाण्याएवढ्या बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंसाठी २०१० मध्ये कमी ऊर्जेचा ब्लूटूथ निघाला. त्याच्या पटावर ४० घरं असतात आणि तो बराच वेळ चक्क झोपून राहतो!

आता थोडा इतिहास. घरं बदलत बोलायची युक्ती आजची नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. टॉर्पेडोला रेडिओने दिशा द्यायची, तर शत्रू त्याच लहरीवर गोंगाट करून ती बंद पाडू शकत होता. तेव्हा व्हिएन्नामध्ये जन्मलेली चित्रपट अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी एक तोड काढली. लहरच सारखी बदलत ठेवायची! दोन्ही टोकांना सारख्याच भोकांच्या कागदी पट्ट्या फिरवायच्या आणि त्यांच्या तालावर घर बदलायचं. त्यांच्या योजनेत ८८ घरं होती, पियानोला ८८ पट्ट्या असतात तितकीच. १९४२ साली अमेरिकेत त्यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं. त्या युद्धात मात्र तिचा उपयोग कुणी केला नाही.

ब्लूटूथचा जन्म १९९४ चा, स्वीडनमधल्या लुंड गावचा. तिथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसन या डच इंजिनियरने फोन आणि इतर वस्तू यांच्यामधली तार काढून टाकण्याचं काम हाती घेतलं. पण एकट्या कंपनीची भाषा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला कशी कळणार? म्हणून १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि सगळ्यांनी एकच भाषा ठरवली. नाव दिलं ते दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही भाषा यंत्रांना एकत्र आणणार होती. फोनवर ते कोनाकोनाचं निळं चिन्ह दिसतं ना? ती त्याच्या नावातली 'ह' आणि 'ब' ही दोन अक्षरं, जुन्या उत्तर युरोपीय लिपीतली, एकमेकांवर ठेवलेली! आणि आपल्या देशात २००५ साली सरकारने हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला. म्हणून तर आबांना चहाच्या टेबलावर स्पीकर ठेवायला कुठलंही लायसन काढावं लागत नाही.

आता येऊ मुख्य मुद्द्यावर. दोन यंत्रं उड्या मारायला लागण्याआधी त्यांची ओळख व्हावी लागते. इंग्रजी शाळेतली मुलं तिला पेअरिंग म्हणतात. आपण म्हणू 'गट्टी'.

मी स्पीकरचं बटण दाबून धरलं होतं, तेव्हा तो ओरडून सांगत होता, "मी इथे आहे, माझ्याशी गट्टी करता का?" माझ्या फोनच्या पडद्यावर त्याचं नाव आलं. मी त्यावर बोट ठेवलं. त्या क्षणी दोघांनी मिळून एक गुप्त किल्ली तयार केली आणि आपापल्या पोटात जपून ठेवली. पुढे जेव्हा जेव्हा ते भेटतात, तेव्हा आधी किल्ली जुळते का ते बघतात आणि मग त्याच किल्लीच्या आधारे बोलणं सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठवतात. लक्षात ठेवा हं, घरं बदलणं म्हणजे कुलूप नव्हे. ती गर्दीतून वाट काढायची युक्ती. खरं कुलूप म्हणजे ही किल्ली.

दोन फोनची गट्टी करताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी अंक दिसतो, तो कशाला? दोन्हीकडे अंक सारखा आहे, म्हणजे मध्ये कुणी तिसरा घुसलेला नाही, याची तुम्ही स्वतः खात्री करावी म्हणून. न वाचता 'हो' म्हणालात, तर पहारेकऱ्यानेच डोळे मिटले म्हणायचं! स्पीकरला बिचाऱ्याला पडदाच नसतो. म्हणून गट्टीचं बटण दाबून ठेवलेला स्पीकर बहुधा जो पहिला हात पुढे करेल त्याच्याशी गट्टी करतो. गर्दीत ते बटण दाबायचं नाही, ते याचसाठी.

"मामा, मग टोलनाक्यावर गाडीची गट्टी कधी होते?" भाच्याने रस्त्याकडे बोट दाखवलं. तामलवाडीला टोलनाका आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. गाड्यांच्या काचेवर फास्टॅगची पट्टी असते, ती भाच्याने पाहिलेली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांच्या सगळ्या मार्गिका फास्टॅगच्या झाल्या.

तेही आखूड पल्ल्याचं बिनतारी बोलणंच, पण निराळं. फास्टॅगच्या पट्टीत बॅटरीच नसते! नाक्यावरचं यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या दरम्यानची लहर सोडतं. पट्टीतली अँटेना त्याच लहरीतून चिमूटभर वीज मिळवते, तेवढ्यावर आतली चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. बस्स. पैसे काढायचं काम पुढे बँकांच्या संगणकांचं. ती पट्टी म्हणजे हजेरीला उभा राहिलेला विद्यार्थी. नंबर पुकारला की "हजर!" एवढंच म्हणायचं. ब्लूटूथचं तसं नाही. तिथे दोघंही बोलतात, दोघंही ऐकतात, म्हणून आधी गट्टी लागते.

"म्हणजे काल रात्री कुणाचीच चूक नव्हती?" भाचीने विचारलं.

यंत्रांची तर मुळीच नव्हती. उलट त्यांनी कमाल केली. हजारो फोनांच्या जत्रेत माझ्या फोनने आपला गट्टीवाला स्पीकर क्षणभरही सोडला नाही. फोन वाजला तेव्हा त्याने सरळ विचार केला, "या माणसाने मला सांगून ठेवलंय की माझा आवाज त्या स्पीकरमधून काढ. गाण्याचा आवाज तिकडे, तर ताईचाही तिकडे." आवाज गाण्याचा आहे की घरातल्या गोष्टीचा, टेबलाशी आबा उभे आहेत की आणखी कुणी, हे फोनला कळत नाही. कोण बोलतंय ते यंत्राला समजतं. कुणी ऐकावं, ते नाही समजत. ते समजायचं काम माझं होतं, आणि मी दुधाकडे बघत होतो!

म्हणून, मुलांनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. घरी आई-बाबांनाही वाचून दाखवा.

एक : फोन उचलण्याआधी पडद्यावर बघा. आवाज कुठून निघणार, फोनमधून, इअरफोनमधून की स्पीकरमधून, ते तिथेच लिहिलेलं असतं. बदलताही येतं.

दोन : फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जुनी, अनोळखी नावं साठलेली असतात. ज्यांचं काम संपलं त्यांच्याशी 'गट्टी फू' करून टाका. भाड्याच्या मोटारीतल्या स्पीकरशी केलेली गट्टी तर उतरतानाच मोडा.

तीन : ओळखीच्या नसलेल्या यंत्राने गट्टी मागितली, तर 'नाही' म्हणा. गंमत म्हणून 'हो' नको.

चार : फोनला दिलेल्या नावात स्वतःचं पूर्ण नाव किंवा नंबर घालू नका. ते नाव आसपासच्या परक्यांनाही दिसू शकतं.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. मोठ्यांना विचारून एक फोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरफोन घ्या. मोकळ्या अंगणात स्पीकरवर गाणं लावा आणि फोन हातात धरून एकेक पाऊल मागे जा. आवाज तुटायला लागला की पावलं मोजून वहीत लिहा. आता तेच पुन्हा करा, पण या वेळी फोन पाठीमागच्या खिशात ठेवा आणि स्पीकरकडे तोंड करा, म्हणजे तुमचं शरीर मध्ये येईल. पावलं कमी झाली का? आपल्या शरीरात पाणी भरपूर असतं आणि पाणी या लहरींना बरंचसं गिळून टाकतं. तिसऱ्या वेळी फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा आणि बघा. धातू लहरींना अडवतो. डबा पूर्ण बंद असताना आणि झाकण किलकिलं असताना काय फरक पडतो? तिन्ही वेळच्या पावलांचा तक्ता करा. यात्रेच्या गर्दीत माणसं मध्ये आली की आमचं गाणं अधूनमधून अडखळत होतं, त्याचं कारण तुम्हाला तुमच्याच तक्त्यात सापडेल!

आमचं हे सगळं बोलणं चाललं असताना आबा कप मोजतच होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. पण पूर्वेला जरा फटफटलं आणि त्यांनी मान न वळवता विचारलं, "दोघांनी बी हो म्हटल्याबगर गट्टी होत न्हाई म्हणालास न्हवं?"

"होय, आबा."

"मग माझ्या डोळ्याची तारीख ठरवताना माझं हो कुनी घेतलं?"

आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी भाचीच उठली आणि आबांच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "आबा, आईला वाटलं तुम्ही घाबराल. म्हणून लपवलं. चुकलंच आमचं. आता मी विचारते. मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन करायचं का?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग पश्चिमेला उतरत चाललेल्या चंद्राकडे बघत म्हणाले, "घाबरतुया तर खरं. पर गेल्या सालापासनं मला चंद्र बी दोन दिसत्यात. मीच सांगितलं न्हाई तुमाला." आणि हसून पुढे म्हणाले, "एक कमी करून टाका. लाव फोन तुझ्या आयला. आन् ह्या डाव त्यो भोंगा आधी बंद कर!"

भाचीने आधी स्पीकर बंद केला. मग फोन आबांच्या कानाला लावला. ताई काय बोलली ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. आबांना तेवढं आलं.

मंगळवारी पहाटे आबा आमच्याही आधी तयार होऊन ओट्यावर बसले होते. ऑपरेशन छान झालं. आता पुढच्या कोजागरीला ते एकच चंद्र बघत चहा ओततील, आणि मी चुलाणापाशी उभा असेन तेव्हा फोन उचलण्याआधी पडद्याकडे बघेन. तुमचा पावलांचा तक्ता कसा झाला, ते मला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमचा,
मामा